मीठकराचा इजारदार आणि दोन समुद्रांचा कालवा

गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने फ्रान्सहून एक व्हिडिओ पाठवला. तो तुलूझ शहरात विमानांचे इंजिनिअरिंग शिकतो. व्हिडिओत एक लांबट नाव दगडी हौदात शिरते, मागची लाकडी दारे बंद होतात, वरून पाणी घुसू लागते आणि विहिरीतून बादली वर यावी तशी ती नाव माणसांसकट हळूहळू वर येते. हौद भरला की पुढची दारे उघडतात आणि नाव वरच्या पातळीच्या कालव्यातून निघून जाते. मोटर नाही, क्रेन नाही. खाली भाच्याने लिहिले होते की मामा, हे तुमच्या खात्यातले काम दिसते.

माझी निम्मी नोकरी कालव्यावर गेली आहे. गेट, आउटलेट, चाऱ्या, गळती, रोटेशन हे माझे रोजचे शब्द. आमच्या बडोद्याजवळून जाणारा नर्मदेचा मुख्य कालवा गुजरातेत ४५८ किलोमीटर धावतो, मुखाशी त्याच्या तळाची रुंदी ७३ मीटर आहे. एवढा कालवा रोज पाहणाऱ्या माणसाला कालव्याचे नवल ते काय असणार! पण आमचा कालवा पिण्याचा आणि पिकाचा. कालव्यातून नावा डोंगर चढतात हे मी डिप्लोमाला असताना एका धड्यात वाचले होते, परीक्षेला तो धडा ऑप्शनला टाकला होता, आणि विसरून गेलो होतो. तो व्हिडिओ पाहिल्यापासून मात्र हा कालवा कोणी बांधला ते शोधत राहिलो. मंडळाच्या चिटणीसांनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा दुसरा विषय सुचेचना.

त्या माणसाचे नाव पिएर-पॉल रिके. तो इंजिनिअर नव्हता. तो मिठावरचा कर गोळा करणारा इजारदार होता.

इजारदार हा शब्द बडोदेकरांना परका नाही. गायकवाडीत एके काळी महालांची वसुली इजाऱ्याने दिली जाई. सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि रयतेकडून जमेल तेवढे वसूल करून फरक आपल्या खिशात घालायचा, असा तो धंदा. फ्रान्समध्ये मिठावर असाच कर होता, त्याला गाबेल म्हणत. मिठाच्या कराचे लोकांच्या मनात काय स्थान असते ते दांडीयात्रेच्या गुजरातेत राहणाऱ्यांना मी काय सांगावे. तिथेही या करावरून दंगे झाले, वसुलीच्या माणसांवर हल्ले झाले. आपला कथानायक त्या वसुलीच्या बाजूला उभा होता, हे आधीच सांगून टाकतो. चरित्र लिहिताना माणसाला देव्हाऱ्यात बसवायची आपल्याकडे सवय आहे. रिकेला तिथे बसवले तर त्याचे निम्मे आयुष्य झाकून ठेवावे लागेल.

सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात दक्षिण फ्रान्समधल्या बेझिए गावी त्याचा जन्म झाला. बाप गियोम रिके कायद्याच्या धंद्यातला, पैशाच्या व्यवहारात मुरलेला, प्रांताच्या सभेत बसणारा माणूस. पिएर-पॉल लहान असताना त्या सभेपुढे एक योजना आली होती. अटलांटिक महासागर आणि भूमध्य समुद्र यांना कालव्याने जोडायचे. सभेने ती फेटाळली, आणि फेटाळणाऱ्यांत बापही होता असे त्याचे चरित्रकार सांगतात. घरातल्या जेवणाच्या टेबलावर मुलाने काय ऐकले असेल ते असेल, पण विषय त्याच्या कानावरून लवकर गेला होता. शाळेत त्याला लॅटिन-ग्रीकची गोडी लागली नाही, गणिताची लागली.

बेझिएच्याच कातरीन द मिल्यो या मुलीशी त्याचे लग्न झाले. मिरप्वा गावच्या मिठाच्या कोठारावर त्याला नोकरी लागली. तिथून तो एकेक पायरी चढत लांगदोक प्रांताच्या मीठकराचा इजारदार झाला. लष्कराला रसद पुरवण्याच्या धंद्यातही त्याने पैसा केला. तुलूझजवळ बोंरपो नावाची मोडकळीला आलेली गढी विकत घेऊन तिथे वाडा बांधला. पन्नाशी ओलांडेपर्यंत त्याचे चरित्र हे एका सुखवस्तू, हुशार, थोड्या धूर्त वसुली अधिकाऱ्याचे चरित्र आहे. तिथेच तो थांबला असता तर आज त्याचे नाव कोणाला ठाऊकही नसते.

कराच्या निमित्ताने तो सगळा मुलूख घोड्यावरून फिरला होता. कुठे रस्ता फुटतो, कुठे गाडी रुतते, कोणत्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी असते, हे त्याला कागदावरून कळलेले नव्हते. फ्रान्सचा माल एका समुद्रातून दुसऱ्यात न्यायचा तर स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरमधून जावे लागे, सुमारे तीन हजार किलोमीटर. वाटेत वादळे, चाचे आणि स्पेनशी वैर. जमिनीवरून मात्र तुलूझजवळच्या गारोन नदीपासून भूमध्य समुद्र जेमतेम अडीचशे किलोमीटर. गारोन अटलांटिककडे वाहते. म्हणजे एवढा तुकडा खोदला की झाले. इतके सोपे असते तर रोमन लोकांनीच केले नसते का? अनेक राजांच्या दरबारात ही योजना आली आणि गेली, कारण मध्ये उंचवटा होता.

नोरूझची खिंड ही त्या मुलखाची पाणलोट रेषा. समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटर. खिंडीच्या पश्चिमेला पडलेला पाऊस अटलांटिकला जातो, पूर्वेला पडलेला भूमध्य समुद्राला. नावा चढवायला लॉक बांधता येतात, ती कला इटलीत आणि फ्रान्समध्ये तेव्हा ठाऊक होती. पण लॉकचा हिशोब समजून घेतला पाहिजे. नाव एकदा वर चढली किंवा खाली उतरली की एक हौदभर पाणी खालच्या अंगाला निघून जाते. दर नावेला एक हौद. कालव्याचा सर्वात उंच भाग दोन्हीकडे पाणी देत राहतो, त्याला स्वतःला मात्र वरून कोणी दिले तरच मिळते. आमच्याकडे टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही अशी ओरड असते. इथे टेलला पाणी मिळणारच होते, हेडलाच नव्हते.

याआधी ज्यांनी योजना आखल्या त्यांनी नद्या जोडायचा विचार केला. रिकेने डोंगराकडे पाहिले. नोरूझच्या ईशान्येला काळा डोंगर म्हणून रांग आहे, तिथे चांगला पाऊस पडतो आणि पाच-सहा छोट्या नद्या उगम पावतात. त्या नद्यांना डोंगराच्या कुशीतच अडवून कड्याकड्याने पाट काढून नोरूझच्या माथ्यावर आणायचे. कथा अशी सांगतात की नोरूझच्या एका झऱ्याचे पाणी दगडाला आपटून दोन बाजूंना फुटताना पाहून त्याला ही कल्पना सुचली. मला ती कथा जरा गोडच वाटते. मला जास्त पटते ती दुसरी गोष्ट, आणि तिला कागदोपत्री आधार आहे. रेव्हेल गावात पिएर काम्पमास नावाचा एक माणूस होता, गावच्या पाण्याची व्यवस्था पाहणारा. आपल्याकडे त्याला पाटकरी म्हणतात. त्या डोंगरातला प्रत्येक ओहोळ त्याला पाठ होता. रिके त्याला बरोबर घेऊन डोंगर फिरला. ज्यांनी कालव्यावर नोकरी केली आहे ते सांगतील की नकाशावर नसलेले निम्मे ज्ञान पाटकऱ्याच्या डोक्यात असते. फ्रान्स्वा आंद्रेओसी हा तरुण इंजिनिअर नकाशे काढायला होता. आणि बोंरपोच्या बागेत रिकेने छोटा कालवा, छोटी लॉक, छोटा बोगदा असे सगळे नमुन्यादाखल बांधून पाहिले.

१५ नोव्हेंबर १६६२ रोजी त्याने राजाचा अर्थमंत्री कोलबेर याला पत्र लिहिले. फ्रान्सच्या गादीवर तेव्हा चौदावा लुई होता. इथे आपल्या माणसांसाठी काळाची खूण सांगतो. याच कोलबेरने १६६४ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी काढली आणि तिची हिंदुस्थानातली पहिली वखार १६६८ मध्ये आपल्या शेजारी सुरतेला घातली. शिवाजी महाराजांनी पहिल्यांदा सुरत लुटली ते वर्षही १६६४. तेव्हा ही सगळी माणसे एकाच काळात वावरत होती.

कोलबेरला योजना आवडली, पण तो पैशाचा कडक माणूस. त्याने चौकशी समिती नेमली. समितीने जागा पाहिली, शक्य आहे म्हणून सांगितले, मात्र डोंगरातले पाणी खरेच नोरूझला पोचते का हे आधी प्रत्यक्ष दाखवा अशी अट घातली. रिकेने ते काम स्वतःच्या खर्चाने करायचे अंगावर घेतले. १६६५ च्या उन्हाळ्यात त्याने चाचणीची एक अरुंद चारी खोदली आणि ऑक्टोबरमध्ये काळ्या डोंगराचे पाणी नोरूझला उतरवून दाखवले. मला या सगळ्या चरित्रातला हाच क्षण सगळ्यात मोठा वाटतो. पुढे दगडाची कितीतरी भव्य बांधकामे झाली, पण एखाद्या चारीला पहिल्यांदा पाणी सोडले आणि ते हव्या त्या दिशेने निघाले की पोटातला गोळा कसा सुटतो ते मी अनुभवले आहे. लेव्हल काढायला आमच्याकडे ऑटो लेव्हल आणि आता टोटल स्टेशन आहे. त्याच्याकडे पाण्याची नळी, ओळंबा आणि पाटकरी.

ऑक्टोबर १६६६ मध्ये राजाचा हुकूम निघाला. कालवा रिकेच्या घराण्याला वतन म्हणून मिळणार, नावांकडून जकात घ्यायचा हक्क मिळणार, त्या बदल्यात त्याने बांधायचा आणि सांभाळायचा. आजच्या भाषेत बीओटी. खर्च राजा, लांगदोक प्रांत आणि रिके असा वाटून घ्यायचा. राजाने आपला वाटा रोख देण्याऐवजी बराचसा मीठकराच्या वसुलीतून वळता केला, म्हणजे रिकेने कर गोळा करायचा आणि त्यातूनच बांधायचे. त्या भागातल्या गरिबाच्या मिठातून तो कालवा उभा राहिला असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

१६६७ च्या एप्रिलमध्ये सँ-फेरेओल धरणाचा पायाचा दगड बसला. उंची सुमारे ३२ मीटर, लांबी ७८० मीटरच्या आसपास. लाऊदो ओढ्याची दरी अडवून मध्ये एक आणि दोन्ही अंगांना एकेक अशा तीन दगडी भिंती, आणि त्यांच्या मधल्या पोकळीत माती व मुरमाचा भराव. युरोपात त्या काळी एवढे मोठे धरण नव्हते. आपल्या आजव्याचे मातीचे धरण सयाजीराव महाराजांच्या काळातले, १८९० च्या दशकातले. त्याच्या सव्वादोनशे वर्षे आधी हे काम झाले. मातीच्या टोपल्या डोक्यावर वाहून नेणाऱ्यांत शेकडो बायका होत्या, आणि दर टोपलीमागे त्यांना मोबदला मिळे. पुरुषांनी कुदळ चालवायची, बायकांनी माती वाहायची. आमच्याही साइटवर हेच दृश्य असते, म्हणून मुद्दाम लिहिले.

काम जोरात असताना बारा हजारांपर्यंत मजूर होते. त्यांना रिकेने महिना दहा लिव्र पगार ठरवला, आणि पावसाने काम बंद पडले, रविवार आला, सण आला, माणूस आजारी पडला तरी पगार कापायचा नाही असा नियम केला. सतराव्या शतकात हे कोणी करत नसे. मीठकराच्या इजारदाराला एकाएकी दया सुचली असे मला वाटत नाही. शेतीच्या हंगामात मजूर पळू नयेत हा व्यवहार त्यात होताच. पण घरी पडलेल्या आजारी मजुराला पगार मिळाला, तो व्यवहारातून मिळाला की दयेतून, याने त्याच्या चुलीला काय फरक पडला असेल?

चुकाही झाल्या. सुरुवातीच्या लॉकच्या भिंती सरळ उभ्या बांधल्या होत्या. हौद रिकामा केला की मागच्या ओल्या मातीचा दाब येऊन त्यातली एक भिंत आत कोसळली. तेव्हापासून रिकेने लॉक अंड्याच्या आकाराची बांधायला घेतली. दाराशी साधारण ६ मीटर रुंद, पोटात ११ मीटर, लांबी ३० मीटर. कमान आडवी निजवावी तशा फुगीर भिंती मातीचा दाब पेलतात. आजही या कालव्यावर गेलेला माणूस पहिल्यांदा या पोटफुग्या हौदांचेच फोटो काढतो. नोरूझच्या माथ्यावर मोठा अष्टकोनी तलाव करून भोवती नगर वसवायचे त्याचे स्वप्न होते. तो तलाव गाळाने भरला आणि सोडून द्यावा लागला. आज तिथे झाडी आहे आणि वंशजांनी उभारलेला एक स्तंभ.

१६७२ पर्यंत तुलूझपासून नोरूझपर्यंत पाणी खेळू लागले. पुढचे काम अवघड होते आणि पैसा आटत चालला होता. इथून कोलबेरचा संशय वाढत गेला. हा माणूस कालव्याच्या नावाखाली कराचा पैसा तर खात नाही ना, असे त्याला वाटू लागले. ला फय नावाचा आपला माणूस त्याने कामावर लक्ष ठेवायला पाठवला. मोजमापे तपासायची, हिशोब मागायचे, अहवाल पाठवायचे. ऑडिटच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला माणूस म्हणून मला इथे कोणा एकाची बाजू घेववत नाही. सरकारी पैसा जिथे जातो तिथे तपासणी पाहिजेच, आणि इजारदारांचा लौकिक काही हरिश्चंद्राचा नव्हता. पण रिके तोवर स्वतःची इस्टेट गहाण टाकून मजुरांचे पगार भागवत होता. मुलींच्या हुंड्यासाठी ठेवलेला पैसाही त्याने कालव्यात घातला असे सांगतात. ज्याच्यावर पैसा खाल्ल्याचा संशय होता तो कर्जबाजारी होत होता, आणि हे पटवून द्यायला त्याच्याकडे खोदलेल्या मातीशिवाय दुसरा पुरावा नव्हता.

त्यात मालपासचे प्रकरण उभे राहिले. बेझिएच्या अलीकडे आंसेरून नावाची टेकडी आडवी येते. वरचा खडक ठिसूळ वाळूचा, कधीही ढासळेल असा. विरोधकांचे म्हणणे, कालवा आधीच ओद नदीत उतरवायला हवा होता, हा हट्टी म्हातारा तो आपल्या जन्मगावावरून न्यायला निघाला आहे आणि आता टेकडीला अडकला आहे. पॅरिसहून काम थांबवण्याचा हुकूम आला, चौकशी येणार असे कळले. रिकेने हुकूम मानला असे दाखवले आणि पास्काल द निसाँ या गवंड्यांच्या मुकादमाला आतून खोदायला लावले. चौकशीची माणसे येईपर्यंत टेकडीच्या आरपार उजेड दिसत होता. आठवड्याच्या आत भोक पाडले असे लोक सांगतात. आठवडा की महिना, ते सोडून देऊ. १६० मीटरहून थोडा लांब असा हा बोगदा नावांसाठी खणलेला जगातला पहिला मानतात. गंमत अशी की त्याच टेकडीच्या पोटात त्याच्याखालून तेराव्या शतकातला तळे उपसायचा एक निचरा-बोगदा जातो, आणि एकोणिसाव्या शतकात रेल्वेनेही तिथेच बोगदा काढला. तीन शतकांच्या माणसांनी एकाच टेकडीला तीन मजल्यांवर भोके पाडली आहेत.

सरकारी नोकर म्हणून लेखी हुकूम डावलण्याचे कौतुक मी करू नये. पण बोगद्याच्या दोन्ही अंगांचे काम पाहिले की त्याचा हट्ट नुसता गावच्या प्रेमाचा नव्हता हे लक्षात येते. बेझिएच्या अलीकडे जवळजवळ ५४ किलोमीटर कालव्यावर एकही लॉक नाही. टेकड्यांच्या समपातळी रेषेला चिकटून, वळणे घेत घेत, तो एकाच लेव्हलला राहतो. एवढ्या लांबीत पाणी स्थिर ठेवायचे म्हणजे मोजणी किती काटेकोर असेल! आणि एवढा वेळ उंची राखून ठेवली की शेवटी ती एकदम उतरावी लागते. बेझिएच्या वेशीवर, फोन्सेरान इथे, ती उतरवली आहे.

फोन्सेरानला एकाला एक लागून आठ हौद आणि नऊ दारे. वरच्या हौदाचे खालचे दार तेच खालच्या हौदाचे वरचे दार. ३०० मीटरच्या अंतरात सुमारे २१ मीटर उतार. नाव घाटाच्या पायऱ्या उतरावी तशी एकेक हौद उतरत ओर्ब नदीत येई आणि नदी ओलांडून पुढे जाई. हे काम दोन भावांनी मक्त्याने घेतले होते आणि दोघांनाही लिहिता येत नव्हते असे म्हणतात. प्रत्येक हौद उताराच्या नैसर्गिक वळणाप्रमाणे बसवला आहे, म्हणून नकाशावर ही माळ जराशी वाकडी दिसते.

१६८० उजाडले तेव्हा काम संपत आले होते. एका टोकाला सेत इथे नवे बंदर उभे राहत होते. तिथल्या धक्क्याचा पहिला दगड १६६६ मध्ये बसला तेव्हा नावांवर उभे राहून भाल्याने एकमेकांना पाण्यात पाडण्याचा खेळ झाला होता. सेतला तो खेळ अजून दर उन्हाळ्यात होतो. कालवा त्या बंदराच्या सरोवराला मिळायला फार थोडे अंतर राहिले होते. १ ऑक्टोबर १६८० रोजी रिके तुलूझ येथे वारला. सत्तरी ओलांडलेली, शरीर थकलेले, डोक्यावर वीस लाख लिव्रहून अधिक कर्ज. मे १६८१ मध्ये कालव्याचे उद्घाटन झाले आणि पहिल्या नावांचा ताफा तुलूझहून निघाला. तो पाहायला रिके नव्हता. सात-आठ महिन्यांचा फरक.

उरलेले काम थोरला मुलगा जाँ-मातियास याने पुरे केले. धाकट्यासह दोघांनी कर्ज फेडण्यासाठी कालव्यातले हिस्से विकले. घराण्याला कालव्यापासून खरा फायदा मिळू लागला तो १७२४ च्या सुमारास, म्हणजे बाप गेल्यावर चव्वेचाळीस वर्षांनी. एकूण खर्च दीड कोटी लिव्रच्या वर गेला होता. चौदाव्या लुईचा किल्ल्यांचा मोठा इंजिनिअर व्होबाँ याने १६८६ नंतर कालव्याची पाहणी करून ओढ्यांवरून जाणारे पाणपूल आणि सांडवे यांची भर घातली, कारण रिकेने अनेक ठिकाणी ओढे सरळ कालव्यात सोडले होते आणि पुराबरोबर गाळ येत होता. हा त्याचा दोष मोठा होता. पैसा असता तर त्याने तसे केले असते का, हे सांगणे कठीण.

नाव तर अनेकदा बदलले. आधी लांगदोकचा शाही कालवा, क्रांतीनंतर शाही शब्द टोचू लागला म्हणून दक्षिणेचा कालवा, कानाल द्यू मिदी. घोडे काठावरून दोर ओढत आणि टपालाची नाव तुलूझहून चार दिवसांत समुद्रकाठच्या आग्दला पोचे. इंग्लंडचा ब्रिजवॉटरचा ड्यूक तरुणपणी हा कालवा पाहून गेला आणि त्याने आपल्या कोळशाच्या खाणीसाठी कालवा खोदला, तिथून इंग्लंडचे कालवायुग सुरू झाले. अमेरिकेचा पुढचा अध्यक्ष जेफरसन १७८७ मध्ये या कालव्यातून नावेने फिरला. १८५० च्या दशकात रेल्वे आली आणि गिऱ्हाईक गेले. तरी मालाच्या नावा १९८० च्या दशकापर्यंत रडतखडत चालत होत्या. १९९६ मध्ये युनेस्कोने तो जागतिक वारशात घेतला.

आता जायचे असेल तर काय पाहावे, असे घरात विचारणे झाले म्हणून भाच्याला तीन-चार ठिकाणी पाठवले. त्याने पाहिले ते सांगतो. फोन्सेरानला उन्हाळ्यात जत्रा असते. लोक काठावर बसून नावांचे उतरणे पाहतात, चालक दोर फेकताना चुकला की हसतात. १८५८ मध्ये ओर्ब नदीवर कालव्यासाठी मोठा पाणपूल बांधला, तेव्हापासून नावा शेवटचे हौद न उतरता मधूनच वळून पुलावरून नदी पार करतात. खाली नदी, वर नाव. फोन्सेरानच्या बाजूलाच १९८३ मध्ये बांधलेला एक काँक्रीटचा उतार आहे. हौदांऐवजी तिरकी नळी, आणि एक अवाढव्य गाडी आपल्यापुढे पाण्याची पाचर ढकलत नेते, त्या पाचरीत नाव तरंगत चढते. कल्पना झकास, पण यंत्र सारखे बिघडायचे. ते कित्येक वर्षे बंद पडून आहे. याच जातीचा पहिला उतार तुलूझच्या पलीकडे मोंतेश इथे १९७४ मध्ये झाला. हजार-हजार अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिने १३ मीटर चढावर पाणी ढकलत. तोही २००९ मध्ये बंद पडला, आता प्रेक्षकांसाठी ठेवला आहे. फोन्सेरानला शेजारी सतराव्या शतकातले हौद बिनइंजिनाचे चालू आहेत, याची भाच्याला फार मजा वाटली. त्याच्या विमानवाल्या डोक्याला तो टोमणा होता.

आग्दचे गोल लॉकही त्याने पाहिले. त्याला दोनऐवजी तीन दारे आहेत आणि नाव आत फिरून तीन वाटांपैकी हवी ती घेते. काठावरची सावली देणारी चिनाराच्या जातीची झाडे मात्र हजारोंनी तोडावी लागत आहेत. २००६ पासून त्यांना बुरशीचा रोग लागला आहे, नवी झाडे लावणे चालू आहे.

सँ-फेरेओलला तो पावसात गेला. फोटोत धरणाच्या भिंतीवर शेवाळ आहे आणि खाली व्हॉल्व्हच्या खोलीचे दार. ते पाहून मी त्याला विचारले की गळती मोजायची नाली कुठे आहे. त्याला ती सापडली नाही. आम्ही सध्या याच मुद्द्यावर अडलो आहोत.

रिकेला तुलूझच्या सँत-एतिएन कॅथेड्रलमध्ये पुरले आहे. बेझिएच्या मुख्य रस्त्याला त्याचे नाव आहे आणि १८३८ चा ब्रॉंझचा पुतळा आहे, पण कॅथेड्रलमध्ये खांबाशी नुसती एक पाटी. भाचा रविवारी गेला तेव्हा आत प्रार्थना चालू होती, म्हणून तो मागे थांबला. नंतर पाटीचा फोटो काढला. थोडा हलला आहे, पण नाव वाचता येते.